नेत्यांची घरं फार मोठी करू नका

नेत्याच्या घराचं स्मारक झालं की त्यातली सगळ्यात आधी नाहीशी होणारी खोली बहुधा स्वयंपाकघर असते. बैठकीची खोली राहते, लिहिण्याचं मेज राहतं, पलंग राहतो, काठी-चष्मा-पादुका काचेत जातात. चूल मात्र जाते. मोरी जाते, संडास जातो, धान्याची कोठी जाते. त्या जागी कार्यालय येतं, पुस्तकविक्रीचं टेबल येतं, नाहीतर मोठमोठ्या छायाचित्रांचं दालन येतं. आपण पाऊण तासात सगळं फिरून चपला घालतो आणि बाहेर पडतो. आत आपल्याला जो माणूस भेटलेला असतो तो कधी जेवला नाही, कधी कुणाशी भांडला नाही, आणि त्याच्या घराचा खर्च कोण भागवत होतं हे विचारणंसुद्धा आगाऊपणाचं वाटावं असा असतो.

पुतळा, चौक, विद्यापीठाचं नाव, पोस्टाचं तिकीट या सगळ्यांतून नेत्याचं मोठेपण सांगता येतं आणि आपण ते सांगत असतोच. घराचं काम वेगळं आहे. हा माणूस किती जागेत राहिला, कुणाच्या आधाराने राहिला, त्याच्या मोठेपणाचा भार घरातल्या कुणाकुणावर पडला, हे घरातच कळतं. ते सांगायचं नसेल तर जुन्या भिंती राखण्यावर जनतेचा पैसा घालायचं कारण नाही. आणि सांगायचं असेल तर दोन मोह आवरावे लागतील. एक, घराचा देव्हारा करण्याचा. दुसरा त्याहून घातक, घर वाढवण्याचा.

पहिल्या मोहासाठी मुंबईतलं मणिभवन पाहण्यासारखं आहे. गावदेवीला, लॅबर्नम रोडवर, झाडांच्या सावलीतली ही इमारत. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची सूत्रं 1919 साली इथून हलली, त्याच एप्रिलमध्ये 'सत्याग्रही' हे विनापरवाना पत्रक निघालं, आणि 4 जानेवारी 1932 च्या पहाटे पोलिसांनी त्यांना इथल्या गच्चीवरून उचललं. 1955 साली ही वास्तू गांधी स्मारक निधीकडे आली. 1959 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा हॉटेलात न राहता इथे मुक्कामाला राहिले. आज इथे मोठं ग्रंथालय आहे, गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारे छोट्या बाहुल्यांचे देखावे आहेत, आणि दुसऱ्या मजल्यावर काचेपलीकडे त्यांची खोली: बैठक, चरखे, जवळजवळ रिकामी जमीन. मला ही जागा आवडते. देशात नेत्यांची जी घरं नीट राखली गेली आहेत त्यांत मी तिला वर ठेवीन. म्हणूनच तिथे काय दिसत नाही हे बोलायला हवं.

घर गांधीजींचं नव्हतं. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी या त्यांच्या स्नेह्याचं. म्हणजे फकिरीच्या राजकारणाला मुंबईत एका जवाहिऱ्याचं घर लागलं. यात लपवण्यासारखं काही नाही, उलट चळवळी कशा उभ्या राहतात याचा तो पहिला धडा आहे. कुणीतरी आपलं राहतं घर वर्षानुवर्षं उघडं ठेवलं. वेळी-अवेळी माणसं आली, बैठका झाल्या, पोलीस आले. इतक्यांचं चहापाणी कोण पाहत होतं? पाहुणे आले की बायकामुलं कुठे सरकत होती? सतरा वर्षांत 'आता पुरे' असं कुणाच्या मनात आलं नसेल? यजमानाचं नाव फलकावर असतं, पण नाव असणं आणि माणूस असणं यांत अंतर आहे. त्या काचेपलीकडच्या खोलीत रेवाशंकरभाई उभे राहिले तर गांधी लहान होत नाहीत. ते शक्य कसे झाले, एवढं कळतं.

याच घरात एक पराभवही राहतो. नोव्हेंबर 1921 मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला, बहिष्काराची हाक दिलेली होती, आणि शहरात दंगल उसळली. युवराजाच्या स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन लोकांवर हल्ले झाले, मग त्यांच्याकडून उलट हल्ले झाले, पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली. ज्यांनी सुरुवात केली ते गांधींचेच अनुयायी म्हणवत होते. 19 नोव्हेंबरला त्यांनी मणिभवनात उपोषण सुरू केलं, आणि दोन दिवसांत पाहिलेल्या या स्वराज्याची मला दुर्गंधी आली, अशा अर्थाचं जळजळीत वाक्य लिहून ठेवलं. आपल्या चळवळीबद्दल असं लिहिणारा नेता आज दाखवा! पण स्मारकांच्या ठरलेल्या भाषेत हा प्रसंग 'शहरात शांतता नांदावी म्हणून उपोषण' एवढाच उरतो. उपोषण कळतं, ते कुणाविरुद्ध होतं हे कळत नाही.

अशाच एका गांधी-स्मारकात शाळेची सहल आली होती. बाई 'हात लावू नका, रांग मोडू नका' हे दोनच मंत्र म्हणत पुढे सरकत होत्या. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या एका मुलाने विचारलं, "बाई, यांचा संडास कुठे होता?" वर्ग हसला, बाईंनी डोळे वटारले, रांग पुढे गेली. मला मात्र तो त्या सकाळचा एकमेव गंभीर प्रश्न वाटला. गांधींच्या राजकारणात संडास हा विनोदाचा विषय कधीच नव्हता. डरबानच्या घरात राहायला आलेल्या एका कारकुनाचं मूत्रपात्र उचलण्यावरून त्यांचं कस्तुरबांशी झालेलं भांडण त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितलं आहे. तो माणूस ख्रिस्ती होता, पण त्याचे आईवडील पंचम, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या, जातीचे होते. कस्तुरबांना ते भांडं उचलणं असह्य होत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवऱ्याला नुसतं उचलणं पुरेसं नव्हतं, ते हसतमुखाने उचलायला हवं होतं. त्याने हात धरून बायकोला फाटकापर्यंत ओढत नेलं, घराबाहेर घालवायला. 'लाज वाटत नाही का, परक्या देशात मी कुठे जाऊ' असं ती म्हणाली तेव्हा कुठे तो भानावर आला.

ही गोष्ट कुणा विरोधकाने शोधून काढलेली नाही. ज्याची आहे त्यानेच ती छापली, लाखो लोकांनी वाचली, गुजरातीत, मराठीत, इंग्रजीत. तरी घरसंग्रहालयात ती आली तर निवेदन येईल, मोर्चा येईल, भावना दुखावतील. नेते स्वतःबद्दल जेवढं खरं बोलले तेवढंसुद्धा बोलायची त्यांच्या स्मारकांची हिंमत होत नाही, हा आपल्याकडचा मोठा विनोद आहे.

पुण्याच्या आगाखान पॅलेसचंही तेच. 1892 मध्ये बांधलेला तो महाल 1942 च्या ऑगस्टमध्ये तुरुंग झाला. गांधींचे चिटणीस महादेवभाई देसाई तिथे येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, 15 ऑगस्टला, गेले. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला गेल्या. दोघांच्या समाध्या आवारात आहेत, लोक तिथे हात जोडतात, आणि जोडावेतच. पण कस्तुरबांच्या शेवटच्या दिवसांत त्या वाड्यात एक वाद झाला होता. धाकटा मुलगा देवदास याच्या खटपटीने पेनिसिलिन विमानाने मागवलं गेलं होतं, तेव्हा ते औषध दुर्मीळ होतं. आणि दर काही तासांनी इंजेक्शन टोचावं लागणार हे कळल्यावर गांधींनी नको म्हटलं. आता कशाला तिचा देह छळायचा, असं त्यांचं म्हणणं. मुलगा भांडला, हरला. बरोबर कोण होतं? मला ठरवता येत नाही. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये उभं राहून असाच निर्णय घेतलेल्या कितीतरी घरांना तो प्रसंग ओळखीचा वाटेल. समाधीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला हे माहीत झालं तर त्याची श्रद्धा उडून जाईल असं समजणं म्हणजे त्याला बाळबोध समजणं आहे.

पैशाबद्दल तर आपली स्मारकं अवाक्षर काढत नाहीत. अपवाद म्हणून दिल्लीतलं लालबहादूर शास्त्रींचं निवासस्थान सांगावंसं वाटतं, कारण तिथे त्यांची फियाट ठेवलेली आहे. पंतप्रधान असताना घेतलेली ती गाडी 12 हजारांची, घरात होते 7 हजार, उरलेल्या 5 हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. ताश्कंदला शास्त्री गेले तेव्हा ते फिटलेलं नव्हतं, ललिताबाईंनी ते निवृत्तिवेतनातून फेडलं. साधेपणावरची शंभर भाषणं एका बाजूला आणि ती गाडी एका बाजूला ठेवा. हिशेबाचा एक आकडा माणसाबद्दल जे सांगतो ते संगमरवरावर कोरलेल्या विशेषणांना जमत नाही.

आता दुसरा मोह. त्यासाठी पुण्याच्या गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत जायला हवं.

फुलेवाडा हे माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात महत्त्वाचं घर आहे, आणि त्याचं कारण तिथे कोण राहिलं एवढंच नाही. बाकी बऱ्याच नेत्यांनी राजकारण घराबाहेर केलं आणि रात्री घरी आले. जोतिराव-सावित्रीबाईंचं राजकारण घरातच होतं. मुलींना आणि शूद्रातिशूद्रांना शिकवण्यापायी 1849 मध्ये वडिलांचं घर सोडावं लागलेलं हे जोडपं. त्यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवून जावं, असं सांगणारं. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. 1868 मध्ये घरातला पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. आजही गृहनिर्माण संस्थांच्या बैठकीत कामवाल्या बाईने कोणती लिफ्ट वापरायची यावर ठराव होतात. त्या पार्श्वभूमीवर 1868 सालचा घरातला हौद म्हणजे काय याचा विचार करून बघा. सार्वजनिक तळ्यावर समतेची घोषणा देणं एक वेळ सोपं. आपल्या अंगणातल्या पाण्याला शेजारीपाजारी शिवायचे बंद होतील हे माहीत असून ते खुलं करणं, हे अंगणाच्या मापातच कळतं.

मरणसुद्धा त्या घराला चुकलं नाही. आपल्याला मिठात पुरावं अशी जोतिरावांची इच्छा होती, घरामागे खड्डाही खणलेला होता. वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी नाकारली. नोव्हेंबर 1890 मध्ये ते गेले, दहन करावं लागलं, आणि अस्थी त्या जागी आणून ठेवल्या. अंत्ययात्रेत यशवंतच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला तेव्हा टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं. दत्तकाचा हक्क, विधवेचा हक्क, नगरपालिकेचा नियम, भाऊबंदकी हे सगळं त्या मागच्या अंगणात एका दिवसात घडून गेलं. 1972 साली वाडा राज्य संरक्षित स्मारक झाला. आत चित्रं आहेत, माहिती आहे, समाधी आहे. वाडा म्हणावा इतकं ते घर मोठं नाहीच. दोनचार पावलांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आपण. आणि मला तर ते लहानपणच बोलकं वाटतं. एवढ्या जागेत नवराबायको, मूल, येणाऱ्या बाया, विद्यार्थी, सत्यशोधक कार्यकर्ते! जोतिराव काही कंगाल नव्हते, ते ठेकेदारी करत, त्यांच्याकडे पैसा येत होता. तो महालात गेला नाही, हेही ती जागा सांगते.

या वाड्याचा आणि जवळच्या सावित्रीबाई फुले स्मारकाचा एकत्र विस्तार करायचा, मधल्या जागा ताब्यात घ्यायच्या, तिथल्या रहिवाशांचं पुनर्वसन करायचं, असा बेत बरीच वर्षं चर्चेत आहे. सगळ्या पक्षांचा त्याला पाठिंबा, कारण फुल्यांच्या स्मारकाला नाही कोण म्हणणार? मी नाही म्हणत नाही. वाड्यापुढे चार बस उभ्या राहत नाहीत, गर्दीच्या दिवशी बोळात पाय ठेवायला जागा नसते, स्वच्छतागृहांची बोंब असते, हे मान्य. पण जोतिरावांचं घर पेठेत होतं, दाट वस्तीत, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून. शेजारी नाहीत तर त्या हौदाचा अर्थ काय? कुणाच्या डोळ्यांदेखत तो खुला केला? चहूबाजूंनी हिरवळ आणि फरशी घातलेल्या मैदानात एकटं उभं केलेलं घर सुबक दिसतं, छायाचित्रात छान येतं, आणि मुकं होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. ज्यांना शेकडो वर्षं उंबरठ्याबाहेर ठेवलं त्यांच्या नेत्यांची स्मारकं लहान ठेवा, साधी ठेवा, हे कोण सांगतंय? राजेरजवाड्यांचे किल्ले आणि महाल भव्य, संस्थानिकांच्या छत्र्या भव्य, आणि फुले-आंबेडकरांची वेळ आली की तुम्हाला साधेपणाची आठवण होते का? हा सवाल रास्त आहे. 6 डिसेंबरला दादरला जो जनसागर लोटतो त्याला भव्यतेची भूक असेल तर ती इतिहासाने लावलेली भूक आहे. इंदू मिलच्या जागेवर 450 फुटांचं स्मारक उभं राहतंय, आणि ते उंच असावं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही.

माझं म्हणणं जागेबद्दल आहे. भव्य ते मोकळ्या जागी बांधा, हवं तेवढं उंच बांधा, पण घराच्या जागी बांधू नका. दिल्लीत याचं उदाहरण आहे. अलीपूर रस्त्यावरच्या 26 क्रमांकाच्या बंगल्यात बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला झोपेतच गेले. आदल्या रात्री त्यांनी आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाची प्रस्तावना, आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं टेबलावर काढून ठेवायला सांगितली होती. तब्येत पार ढासळलेली, आणि रात्री हातात हे काम. तो बंगला आता नाही. त्या जागी 2018 च्या एप्रिलमध्ये उघड्या संविधानाच्या आकाराची इमारत उभी राहिली. भव्य आहे, आधुनिक आहे, आत प्रदर्शन चांगलं आहे. पण ते टेबल ज्या खोलीत होतं ती खोली कुणालाच कधी पाहता येणार नाही. पुस्तकाच्या आकाराची इमारत देशात कुठेही बांधता आली असती, ती खोली मात्र एकच होती.

बाबासाहेबांच्या राहत्या जागांची तुलना करून बघितली तर आपलं काय चुकतं ते आणखी दिसतं. लंडनच्या 10 किंग हेन्रीज रोडवरच्या घरात ते 1921-22 मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, अर्धपोटी राहून अभ्यास केला. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली सुमारे 31 लाख पौंडांना घेतलं. मग तिथल्या कॅम्डन कौन्सिलने घराचं संग्रहालय करायला हरकत घेतली, मुद्दा काय तर राहण्याची जागा कमी होते. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि 2020 मध्ये परवानगी मिळाली. घर घेतलं ते बरंच झालं. पण परळच्या बीआयटी चाळीतल्या ज्या दोन खोल्यांत ते दोन दशकांहून अधिक काळ राहिले, त्यांच्या वाट्याला बहुतेक वर्षं आश्वासनंच आली. लंडनला जाणारा विद्यार्थी त्या चाळीतून गेला होता. महाडच्या चवदार तळ्याला निघालेला माणूस त्या चाळीत राहत होता. आणि रमाबाईंचा जवळजवळ सगळा संसार तिथे झाला, पाच मुलांपैकी चार त्यांनी गमावली. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह बांधून झाल्यावर त्या फार जगल्या नाहीत, 27 मे 1935 ला तिथेच गेल्या. पुस्तकांसाठी म्हणून बांधलेलं, पुस्तकांच्या मापाने आखलेलं असं घर जगात थोडंच असेल. त्याच्या खालच्या मजल्यावर संग्रहालय आहे, वर कुटुंब राहतं, म्हणजे ते अजून घर आहे. पण चाळीतल्या खोल्या न बघता राजगृह बघणं म्हणजे निम्मी गोष्ट ऐकणं. सामाईक गॅलरीतून पलीकडच्या गिरणीकामगाराच्या खोलीत डोकावता येतं अशा जागेत हा माणूस कोलंबियाचा पदवीधर होऊन परत आला, तिथेच त्याने रात्र-रात्र वाचलं. हे ज्या मुलाला आज दहा बाय बाराच्या खोलीत स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करायचाय त्याला 450 फूट उंचीवरून कसं सांगणार?

घरात घरातल्या इतरांना जागा दिली की नेता खुजा होतो, ही भीती आपलीच नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन 1858 साली महिलांच्या एका संस्थेने विकत घेऊन वाचवलं, आणि पुढे कित्येक दशकं ते एका सद्गृहस्थाचं टुमदार घर म्हणूनच दाखवलं गेलं. 1799 मध्ये वॉशिंग्टन वारला तेव्हा त्या मळ्यावर 317 गुलाम होते. त्यांच्या झोपड्या, त्यांची दफनभूमी, त्यांची नावं आज तिथे सांगितली जातात. जेफर्सनच्या माँटिचेलोने तर 2018 मध्ये सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीवर दालनच उघडलं. सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणाऱ्याच्या घरात, त्याच्या मुलांची आई असलेली गुलाम स्त्री! त्यावरून तिथे कटकटी झाल्या, अजून होतात, चिडून निघून जाणारेही असतात. पण घर बंद पडलं नाही आणि लोकांचं येणंही थांबलं नाही. आपल्याकडच्या घरांत झाकायला इतकं भयंकर काही नाही, तरी आपण झाकतो, याचं मला नवल वाटतं.

एक छोटी मागणी, खर्च जवळजवळ शून्य असलेली. वस्तूपुढच्या चिठ्ठीवर खरं लिहा. हा पलंग त्यांचाच आहे की त्या काळातला दुसरा? ही खोली जशी होती तशी आहे की आठवणींवरून मांडलेली? भिंत मूळची की नंतरची? प्रतिकृती असण्यात काही कमीपणा नाही, ती मूळ म्हणून खपवण्यात आहे. आणि पहारा देणाऱ्या माणसाला नुसतं अभिप्राय वहीपाशी बसवू नका, चार गोष्टी सांगायला शिकवा. राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे गड आहेत, लेणी आहेत, देवळं आहेत, त्यांत असली घरं येतात. कौलं आणि वासे कसे जपायचे ते त्या खात्याला कळतं. गोष्ट कशी सांगायची हे काम खात्याच्या कामाच्या यादीतच नाही, म्हणून ते कुणीच करत नाही. विस्तारासाठी कोटींची घोषणा होते तेव्हा त्यातला एक बारीक हिस्सा दोन-चार अभ्यासू तरुणांच्या पगाराला ठेवा म्हणावं तर त्याचं उद्घाटन करता येत नाही, ही अडचण.

गंज पेठेच्या बाबतीत म्हणून माझा आग्रह असा. बस थांबवायला, सभागृहाला, ग्रंथालयाला जागा हवी तर ती थोडी लांब घ्या, तिथून वाड्यापर्यंत लोकांना बोळातून चालत येऊ द्या. वाड्याला लागून असलेली घरं शक्य तेवढी राहू द्या, त्यांची डागडुजी करा, त्यात राहणाऱ्यांना राहू द्या. आणि ज्यांना हलवल्यावाचून इलाजच नाही त्यांना हलवण्याआधी त्यांच्या आठवणी नोंदवून घ्या: आजी-पणजीने या घराबद्दल काय सांगितलं, कोण या दारात येत होतं, कोण येत नव्हतं. तिथले भाडेकरू वयस्क आहेत, आणि भूसंपादनाच्या नोटिशीत या प्रश्नाचा रकाना नसतो.